गैरहजर

सोहारच्या कॅम्पात टाइमकीपर मी.
पहाटे पावणेचारला बसच्या दाराशी टॉर्च धरून उभं राहायचं,
चढणाऱ्या प्रत्येक डोक्यापुढे बरोबरची खूण.
नऊ वर्षांत माझ्या हातून एवढंच झालं.
हर्णैहून आई विचारते, काम काय करतोस?
मी सांगतो, मोजतो.

जुलैत यादगिरी भट्टीच्या छपरावरून उतरला
आणि शेवटच्या पायरीवर बसला, तो बसलाच.
अकरा दिवस सलाइन.
ऑफिसातून फोन: परकार, त्या अकरा दिवसांना लाल लाव.
लावलं.
लाल रिफिल कंपनीचीच असते.

पगाराच्या रात्री मेसमध्ये कुणी भाषण केलं नाही.
करायचं तर कुठल्या भाषेत?
मोफिजुलची हिंदी सिनेमापुरती,
टेकबहादूर तेवढीही खर्च करत नाही,
गुलजमीन बोलला की भांडतोय असंच वाटतं.
फक्त कुंजुमोनने रश्श्याचा डाव खाली ठेवला
आणि यादगिरीची पगाराची चिठ्ठी
खुबूसच्या टोपलीतून पुढे सरकवली.
टेबलावरून टेबलावर गेली ती.
आकडे सगळ्यांना वाचता येतात.

पहाटे बस आली. दार उघडलं.
टॉर्च लावला तर समोर कुणी नाही.
दोनशे बारा माणसं खडीवर बसलेली,
डबा मांडीवर, हेल्मेट शेजारी.
इंजीन तेवढं आपल्याशीच बडबडत राहिलं.

फोरमन आला. पुढारी कोण?
टेकबहादूर बुटाची नाडी बांधत होता, बांधत राहिला.
पुढारी कोण?
इतक्यात अजान झाली.
अर्धे वजू करायला उठले,
उरलेल्यांनी त्यांचे डबे सांभाळले.

परकार, लिही, सगळे गैरहजर.

एकाला लाल लावायला क्षण पुरतो.
दोनशे बारांना लावायचं
तर एकेक नाव वाचावं लागतं, बापाच्या नावासकट.
साठाव्या की एकसष्टाव्या नावावर रिफिल अडली.
ऑफिसात दुसरी होती.
गेलो नाही आणायला.
सगळ्यांच्या खाली निळ्याने माझं नाव लिहिलं
आणि खडीवर जाऊन बसलो.
खडी टोचते हो.
कुणीतरी पुठ्ठा सरकवला.

तिसऱ्या दिवशी लेबर ऑफिसची गाडी आली.
अकरा दिवस परत मिळाले, छपराखाली पाण्याचा कूलर आला.
पासपोर्ट अजून कपाटातच.
आणि गुलजमीनला घरी धाडलं,
पुढारी कुणीतरी लागणारच होता, आवाज त्याचा मोठा.
निळ्या टबात रियाल पडले, शंभर बैशांच्या नोटा पडल्या.
यादगिरीने अकराही दिवस टाकले,
त्यातले नऊ आम्ही त्याच्याच खिशात कोंबले.
मोजायला अर्थात मी.

आता स्वातहून त्याचा आवाज येतो मोबाइलवर,
भांडल्यासारखा:
कूलर भरता की नाही रे?

भरतो. पाळ्या लावल्यात.
आज माझी.