ओ साहेबांचं कॅलेंडर

त्यांचं आडनावच ओ.
उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत पहिल्या दिवशी
सगळे हसले.
हाक न मारताच ओ देणारा माणूस.
सहा आठवडे राहिले, मोल्डिंगचं मशीन बसवलं,
जाताना पॅटर्न शॉपमध्ये माझ्या टेबलावर
त्यांच्या देशातलं कॅलेंडर ठेवून गेले.

सप्टेंबरच्या पानावर तलवार.
मुठीच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेली कडी,
कडीत दोन पाखरं, मानेत मान अडकवून.
मुठीवर चांदी, माशाच्या खवल्यांसारखी.
आणि त्यापुढे, पातं असायला हवं तिथं,
विटकरी, पोपडे सुटलेलं,
म्यानासकट एकजीव झालेलं काहीतरी.

पान फाडून मी खडेबाजारात नेलं,
मकतूमसाब शिकलगारांकडं.
खंडेनवमी चार दिवसांवर. देव्हाऱ्यांतून उतरलेल्या तलवारी
कोपऱ्यात उभ्या, छत्र्या ठेवल्यासारख्या.
त्यांनी सहाणेचं चाक थांबवलं,
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
आणि नखानं कागदावरची कडी मोजली.

"हिला कधी सहाण लागलीच नाही बघ."
कशावरून?
"कडीत पाखरं बसवल्यात. मनगटाला रुततील की.
लढणारा पहिल्या दिवशीच फोडून काढंल.
ही मेलेल्याच्या कुशीला ठेवायची.
त्याला काय रुतायचंय."

मग मी ओ साहेबांनी सांगितलेलं सांगितलं:
गावातच टेकड्या, पालथ्या परातींसारख्या,
वर गवत, भोवती डबे खाणारी शाळेची पोरं,
आत राजे.
ही म्हणे घडली एका राज्यात
आणि सापडली दुसऱ्याच राज्याच्या राजाजवळ.
दोन्ही राज्यं बुडून दीड हजार वर्षं झाली,
भांडण अजून आहे, विद्वानांचं.

मकतूमसाब रस्त्यापलीकडं बघत राहिले.
समोरच्या दुकानाच्या पाटीवर दोन लिप्या,
एकीवरचं डांबर
रॉकेलनं अर्धंच निघालेलं.
"मग कुणाची म्हणायची?"
तुम्हीच सांगा.
"आमच्यात मुठीला चिठ्ठी बांधतात.
चिठ्ठी सुटली तर
जो न्यायला येईल त्याची.
दोघं आले तर मी चहा मागवतो."

लोक म्हणतात, धार लावून द्या.
धार लावता येत नाही, हे मला त्यांनीच
कधीतरी कातरी परत देताना सांगितलं होतं.
लावतात ते सोनं.
धार म्हणजे जे घासून जातं
त्याच्यामागं उरतं ते.
मी पानाकडं बघितलं.
लावलेलं सगळं जागेवर होतं.
लोखंड तेवढं
मातीनं आपल्या पद्धतीनं घासत नेलेलं,
न थांबता, गिऱ्हाईक न येता.

पान त्यांनी ठेवून घेतलं.
कोपऱ्यातल्या तलवारींवर, खिळ्याला.
"चिठ्ठी तर पाहिजे," म्हणाले,
आणि कानावरची पेन्सिल काढली.
"नाव काय लिहू?"

ओ, म्हटलं.

पेन्सिल तशीच हवेत.
मी नुसती ओ दिली असं समजून
ते थांबून राहिले,
पुढचं नाव ऐकायला.