कानोसा

कायानीच्या पुढे, रस्ता जिथं शेतात विरून जातो,
तिथं गवताच्या जुन्या कोठाराला पाठ लावून
तुओवी उभी असते, सकाळी नऊपासून.
फेब्रुवारी. उणे बावीस.
कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी काखेत,
अंडं उबवावं तशी.

कान तिचे गेले लाकडाच्या गिरणीत,
एकतीस वर्षं करवतीशेजारी.
इल्पोनं, मुलानं, कानाची यंत्रं आणून दिली.
इथं आली की ती काढून ठेवते
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत.
घुबड उडताना वाजत नाही, म्हणते,
इथं मी कुणापेक्षा कमी ऐकत नाही.

लांबलांबचे येतात गाड्या भरून.
खोक्यात पांढरे उंदीर, दुकानातले.
एक भिरकावला की घुबड सरळ भिंगावर येतं,
पंख पुरते पसरून, पिवळे डोळे चौकटीच्या मधोमध.
थर्मासातली कॉफी गरम आहे तोवर परततातही.
तुओवीकडे अकरा हिवाळ्यांची
कापलेली पंखांची टोकं आहेत,
धूसर, करडं असं काहीतरी,
आणि पुष्कळ बर्चची झाडं.

मागच्या गुरुवारी मात्र ते आलं.
कुंपणाच्या खांबावर बसलं,
ताटाएवढा चेहरा खाली कलता करून.
हातभर बर्फाखाली कुणी मूळ कुरतडत होतं,
त्याचा कानोसा घेत.
मग सुटलं.
तिनं बोट दाबलं,
आणि झेप अर्धी टाकून, हवेतल्या हवेत
ते वळलं तिच्याकडे. सगळा चेहरा.
रिकाम्या पंजांनी झाडीत गेलं.

फोटो असा, की इल्पो उठून उभाच राहिला.
तुझ्याकडेच बघतंय गं!
ती बघत होती चौकटीच्या खालच्या कडेला,
बर्फाच्या त्या तुकड्याकडे
जिथं काहीच घडलं नव्हतं.
याला आवाज येतो? कॅमेऱ्यावर नख मारत तिनं विचारलं.
येतो की. चांगला खट्कन.
बंद करायची सोय आहे आत.

म्हणजे अकरा हिवाळे
कुणाच्या तरी जेवणाशेजारी
ती गिरणी चालवत होती.

आज पुन्हा तो खांब. तोच कलता चेहरा.
आवाज बंद केलाय, असं इल्पो म्हणाला;
विश्वास ठेवण्यापलीकडे तिच्या हातात काय?
तेरा चौकटी.
एकीतही डोळे नाहीत.
पाठ आहे, वाऱ्यानं विसकटलेली,
वर उचललेले पंख, सुरकुतल्या छत्रीसारखे,
आणि केसाळ पाय, लोकरी मोजे घातल्यासारखे,
बर्फात पार रुतलेले.
भिंतीवर लावावा असा एकही नाही.

ती डबी उघडते,
चाचपून गोळीच आहे ना बघते, तोंडात टाकते.
शेतापलीकडे घुबड मान मागे टाकून गिळतं.
एकदा. पुन्हा एकदा.
बर्फाखालचं कुरतडणं थांबलंय,
एवढं तिलाही ऐकू येतं.