टाचेपासून किती

नडगीला पुढून मांस नसतं,
नुसती कातडी, पोस्टकार्डाएवढी जाड.
आणि टेम्पोचा बंपर
नेमका त्याच उंचीवर येतो.
कुणी ठरवलेलं नाही. तरी तसं आहे.

मालन इंगवले, वय अठ्ठावन्न.
उद्यमनगरच्या कँटीनमध्ये दिवसाला दोनशे भाकऱ्या,
उभ्यानं.
कावळा नाक्यावर, रात्री साडेनऊला, रस्ता ओलांडताना.
डावा पाय. हाड बाहेर, हाडावर डांबराची कच,
चप्पल मात्र अजून अंगठ्यात अडकलेली.

आम्ही धूत राहिलो. सलाइनच्या नऊ बाटल्या.
खडा निघतो. कच निघते. लुगड्याचा धागा निघतो, हिरवा.
कमरेखाली बधिर, वर टक्क जागी,
पडद्याआडून ती विचारते,
"काय धुवाय लागलाय एवढं?"
"तुमचाच पाय, मावशी."
"मग नीट धुवा. डाग वाळला की निघत न्हाई."

बेनाडीकर सरांनी अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं.
पांढरं. पांढरंच.
मग कडेनं गुलाबी.
"राहू दे," म्हणाले.
सिस्टरनी ट्रेमधली करवत झाकून टाकली.

चार पिना, दोन दांड्या,
पायाला बाहेरून कुंपण.
आतलं उगवायला आठ महिने, कदाचित वर्ष;
पोटरीची कातडी खाली वळवायची,
पोटरीवर मांडीची लावायची,
पिनांची भोकं रोज पुसायची,
आणि पू धरला तर पुन्हा पहिल्यापासून.

पहाटे जिन्याखाली टेम्पोवाला पोरगा.
शर्टावर तिचं रक्त; त्यानंच उचलून आणलेली.
हवालदार विचारतो, तिचे भाचे विचारतात,
तो एकच सांगतो, "मी ब्रेक मारलेला."
"सगळी असंच म्हणत्यात," थोरला भाचा.

मी एक्स-रे पुन्हा दिव्यासमोर धरला.
ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली झुकतं,
घाव खाली बसतो,
गुडघ्यापासून लांब.
मालनबाईंचं हाड घोट्याच्या वर चार बोटांवर मोडलं होतं.
हा पुरावा नव्हे. झुकतं माप, एवढंच.

फॉर्मवर त्याला रकाना नाही.
समासात लिहिलं: टाचेपासून इतके सेंटिमीटर.
कुणी विचारलं तर सांगीन.
अजून कुणी विचारलेलं नाही.

आज ड्रेसिंगला मालनबाई म्हणाल्या,
"पुढं उभ्यानं जमंल न्हवं?"
"बसून थापा की, मावशी."
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
अडाण्याकडं बघावं तसं.
"बसून थापलेली फुगत न्हाई."