अकरा पायऱ्या

दिगू,
तुझा नकाशा पोचला.
चार घड्या, पाठीला बँकेचं जुनं कॅलेंडर.
डोळ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच
काहीतरी इतकं नाकाशी धरून वाचलं.

साखळबंदर बरंच जमलंय तुला.
कस्टमची चौकी बरोबर. पुढचा बावट्याचा खांबही,
ज्यावर बाबल शिपाई वादळाचा काळा गोळा चढवायचा
आणि मग स्वतःच आमच्या पडवीत येऊन विचारायचा,
वहिनी, वारा पडेल ना हो?

पण मोघ्यांची सोडा फॅक्टरी उतारावर नव्हती.
फॅक्टरी कसली, एक गोठा, एक मशीन
आणि हिरव्या बाटल्यांत अडकलेल्या गोट्या.
ती वर होती, दर्ग्याच्या वळणाशी.
माझ्या टाचेत काच गेली ती तिथेच,
हुरमतचाचींनी जखमेत हळद दाबली
आणि माझ्याआधी त्याच रडल्या.

गोऱ्याचं थडगं तू चिंचेखाली काढलंस.
उंडीखाली, दिगू. उंडीखाली.
दगड लवकर तापायचा म्हणून
चाची त्यावर जवळा वाळवायच्या,
आणि आपण कावळे हाकायला, मुठीला पैसा.
लोध मास्तरांनी एकदा कोळशाने घासून
कागदावर अक्षरं उठवून घेतली होती.
लागलं ते एवढंच: ताप. वय एकोणीस.
आणि एका गावाचं नाव,
जे मास्तरांनी तीन वेळा तीन प्रकारे वाचलं
आणि आख्खी सातवी हसली.
मीही.
त्या गावातही कुणी म्हातारी असेल आता,
भावाशी भांडत असेल,
की चक्की पुलाच्या अलीकडे होती, पलीकडे नव्हे.

असो. आता धक्का.
धक्क्याला तू पायऱ्या काढल्यास अकरा.
एकेक रेघ, प्रत्येकीला नंबर.

त्या चौदा होत्या.
खालच्या तिन्हींवर शेवाळ,
ओहोटीला बायका तिथे कालवं फोडायच्या,
भिंतीत साहेबाच्या वेळचे फुटांचे आकडे,
आठाचं पोट खाऱ्या पाण्याने खाल्लेलं.
तुला हे ठाऊक होतं. उतरताना मोजायला
मला तूच शिकवलंस,
अकरानंतर बोटांनी पकड, म्हणालास, टाचेनं नको.

मग अकरा कुठून आल्या?

रात्री झोप लागेना. आबांचा हिशेब आठवला,
तिथीची पाऊणपट, म्हणजे भरतीची वेळ.
वैशाखातली अष्टमी होती ती.
आठाची पाऊणपट सहा.
बोटीचा भोंगा सहालाच झाला,
दाऊद तांडेलाने पडाव लावला
आणि कासम मामूच्या ट्रंकेवर जाऊन बसला,
नवा सदरा, पायात मोठ्या भावाच्या चपला.
मागे वळून तो दर्ग्याकडे बघत नव्हता.
चौकीकडेही नाही.

तू पहिल्या पायरीवर,
पाठीमागे आबांची खाकी पिशवी.
मी पाहिली होती ती पिशवी. दोन चड्ड्या,
भूगोलाचं पुस्तक आणि सुकेळ्यांचा पुडा.
आईला सांगितलं नाही.
तुलाही नाही, साठ वर्षं.

पाणी तेव्हा टम्म भरलेलं.
खालच्या तीन बुडालेल्या.
पडाव सुटला, बोटीचा दिवा
आंबोळगडाच्या टोकाआड गेला,
आणि तू तिथेच उभा,
डोळे खाली, ओठ हलताहेत.
मला वाटलं देवाचं म्हणतोयस.
मोजत होतास.

कासमचं पत्र आलं होतं का रे कधी?
आलं असेल तरी मला सांगू नकोस.
सांगितलंस तरी चालेल.

नकाशा परत पाठवते आहे.
फॅक्टरी खोडून वर नेली, थडगं उंडीखाली घेतलं.
चाचींचं घर तू काढलंच नव्हतंस,
ते पेन्सिलीने काढलंय, पटलं नाही तर पूस.
पायऱ्यांना हात लावलेला नाही.

गुडघा कसा आहे?
जिना चढू नकोस उगाच.