एकशे अठराच्या आत

फेरीबोटीचं इंजिन तीस वर्षं
नुसत्या कानानं जोखलं मी.
आता मनगटावरचं घड्याळ
मला जोखतं.

इंग्विल्ड डॉक्टरीण म्हणाली,
एकशे अठराच्या आत राहा, तूरगाइर,
चालताना बोलता आलं पाहिजे.
कोणाशी, ते नाही सांगितलं.

म्हणून फ्योर्डकाठच्या चढावर मी आकडेच बोलतो,
एकशे नऊ, एकशे चौदा,
आणि चाकांच्या स्कीवरची पोरं
सुसाट पुढे जातात.
शेजारणीचा लंगडा कुत्रासुद्धा
माझ्यासाठी थांबतो.

बोटीच्या शेडपाशी रस्ता सपाट.
धाकट्या आस्लाकची होडी अजून पालथीच,
तळाच्या रंगाचे पोपडे सुटलेले.
घड्याळ किंचाळलं: एकशे एकतीस.

चढ नव्हता. वाराही नव्हता.
उभाच तर होतो.

सोमवारी विचारायला हवं,
हा कुठला झोन.