सांडपाण्याचा उतार

पहिला नकाशा मी ऑफिसात बसूनच काढला.
आटपाडीपासून अकरा किलोमीटर, खडकाळ माळ,
एकशे बारा घरं, ओळीनं,
रस्ते नऊ मीटर, शाळा, समाजमंदिर,
आठवणीनं स्मशानभूमीसुद्धा.
सही करताना साहेब म्हणाले,
वा, गणिताच्या वहीचे चौकोन.

खायला कुठं पिकणार
याला रकानाच नव्हता.
शेतजमीन होती, नऊ किलोमीटरवर,
कालव्याला पाणी येईल तेव्हा.
तोवर रेशन.

ठकाबाई झोरे ट्रकमधून उतरली ती
वाळका भोपळा कडेवर घेऊन, लेकरू घ्यावं तसा.
आत नाचणी, वरी, काळ्या घेवड्याचं बी,
तोंडाला शेणमातीचं बूच.
धरणात गेलेल्या गावाचं तेवढंच काय ते कोरडं राहिलेलं.
दोन वर्षं बूच निघालं नाही.

तिसऱ्या वर्षी मी फेरमोजणीला गेलो.
टेप तिच्या दारावरून ओढत होतो.
"ती फीत ठेव खाली," ती म्हणाली.
"माझ्या मोरीचं पाणी कुठं जातंय बघ आधी."
बघितलं.
कुठंच जात नव्हतं.
माझ्या नऊ मीटरांत साचून
डासांना पोटभर पुरत होतं.

मग ती पुढं, घागर कलती धरून,
आणि मी मागं, पाणी वळेल तिथं चुना टाकत.
"टँकरचं पाणी सांडता व्हय गं?" कुणीतरी ओरडलं.
ओरडणारीच थोड्या वेळानं
स्वतःची घागर घेऊन आली.
दुपारपर्यंत चौदा घागरी,
आणि उतार सापडला : ओढ्याकडं, जेमतेम हातभर.

घरं हलवता आली नाहीत.
रस्ता नवाचा सहा केला,
उरलेली पट्टी दारोदार वाफ्यांना,
समाजमंदिराच्या अर्ध्या जागेत कडवळ आणि शेवगा.
नियमात बसेना, म्हणून मी लिहिलं : हरितपट्टा.
साहेबांना शब्द आवडला.

नाचणी जगली नाही, हे सांगायला हवं.
वरी वीतभर वाढून करपली.
घेवडा तेवढा मोरीच्या पाण्यावर धरला, कुंपणाला,
आणि दिघंचीच्या एका बाईनं ओच्यातून आणून दिली मटकी,
"हितली हाय, हितं येतीया" म्हणत.

परवा गेलो तर ठकाबाईनं ताट वाढलं.
शेवग्याची आमटी, भाकरी, मटकीची उसळ.
विकतचं काय, तर मीठ आणि तेल.

भोपळा अजून आढ्याला टांगलेला.
आता त्यात मटकी असते,
पण तळाशी मूठभर नाचणी आहे, ती काढत नाही.
उगवणार नाही आता, मी म्हणालो.
"आसू दे," म्हणाली,
"जागा कुठं अडवतीया?"