टेपचं दुसरं टोक

मी महापालिकेत टेपचं दुसरं टोक धरतो.
डबी साहेबांच्या हातात, आकडा तिकडंच उमटतो.
माझ्याकडं कायम शून्य.

बारला पंच्याहत्तर मीटर, शाळेच्या फाटकापासून.
खाटकाच्या दुकानाला काळी काच.
एकदा शुक्रवार पेठेत चौऱ्याहत्तर साठ भरलं,
तर मालकानं रातोरात दार मागच्या बोळात काढलं
आणि सकाळी एकोणनव्वद.
शाळा जागेवर, बाटल्या जागेवर,
दार तेवढं फिरलं.
साहेब म्हणाले, नियमात बसतंय.

आजचा अर्ज वेगळा.
गंगावेशीतनं नदीकडं उतरताना डाव्या हाताला
शालन बुरुड यांचं दुकान, दहा बाय आठ.
तक्रारदार विश्वंभर इंगवले,
समोरच्या मंगल कार्यालयाचे मालक. खाली सह्या एकेचाळीस.
‘वरात दारात येते तेव्हा समोर तिरडी उभी असते.
पहिली नजर नवरीची तिच्यावर पडते.
सबब उपद्रवी व्यवसाय समजून अन्यत्र हलवावा.’

साहेबांनी गाडीच्या सीटवर नियमावली उघडली.
पिठाची गिरणी सापडली, अश्वशक्तीसकट.
लोहाराचा भाता, फटाके, कोंबड्या,
गुळाचं गोदामसुद्धा.
मरण कुठल्याच रकान्यात नव्हतं.
निवासी विभागात मरायला परवाना लागत नाही;
त्याचं सामान विकायला लागतो का,
हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

शालनमावशी कळक फोडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
मोजा की. पर कुठला मोजणार?
ह्या दुरड्या इंगवल्यांच्याच हॉलात जात्यात, रुखवताला.
ही सुपं बारशाची, लेकरू निजवत्यात त्यात.
आन् त्यो भितीला टेकलाय न्हवं,
त्यो अजून कशाचाच न्हाई.
सांच्याला कोण येतंय, त्यावर हाय.

मी तिच्या उंबऱ्याला शून्य दाबून बसलो.
साहेब टेप सोडत रस्ता ओलांडायला लागले.
कट्ट्यावरनं दूध देऊन म्हशी परतत होत्या,
एक टेपवर पाय देऊन उभीच राहिली.
पुन्हा ताणला. एक वडाप गेलं वरनं.
पुन्हा.
बावीस मीटर दहा.
इंगवले म्हणाले, लिहा की, कमी भरलं.
साहेब म्हणाले, कशापेक्षा?

मी बोललो नाही. टोक धरणाऱ्यानं बोलायचं नसतं.
पण ह्या उंबऱ्यावर मी एकदा आलो होतो, रात्री पावणेतीनला,
घरी दादा फरशीवर, आणि हातात
मोडीव नोटांची घडी.
शटर अर्ध्या हाकेत वर गेलं.
कोण वारलं, कशानं, काही विचारलं नाही.
एवढंच : उंची किती?
आयुष्यभर लोकांचे रस्ते मोजलेला मी,
मला आकडा सांगता येईना.
मी आपल्या कानापाशी आडवा हात धरला.
म्हटलं, हितपर्यंत.
तिनं बघितलं, आणि कोयता घेतला.

शेरा असा पडला :
‘व्यवसाय, बांबूच्या वस्तू व इतर.
इतर वस्तू रस्त्यावरून दिसू नयेत.
दर्शनी भागास पडदा लावावा.’
साहेबांनी ‘इतर’ खाली रेघ मारली,
मग ती खोडली.

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो.
पडदा होता. कळकाचाच, चिकाचा,
बोटभर फटीतनं ऊन आत सांडत होतं,
आत कोण काय करतंय ते मात्र कळत नव्हतं.
इंगवले हात लावून वीण बघत होते.
कार्यालयाची चार दारं, म्हणाले, दुपारी लई तापत्यात.
काय दरानं पडंल?

मावशींनी पाण्यात भिजलेल्या कामट्या बाजूला सारल्या,
पदराला हात पुसले,
आणि इंगवल्यांना पायापासनं डोक्यापतोर एकदा बघून
विचारलं,
उंची किती?